‘दे’वरची मात्रा

आमच्या वावरात दगड निघत नाही. अंजनगाव सुर्जीच्या खालच्या अंगाची ती काळी माती. कुत्र्याला भिरकावायला खडा हवा असेल तरी सडकेपर्यंत चालत जावं लागतं. त्यामुळे वादळानं धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, जुनी बाभूळ पडली आणि तिच्या मुळांत गच्च अडकलेला एक काळा दगड वर आला, तेव्हा बाबांना आधी दगडाचंच नवल वाटलं. अक्षरं नंतर दिसली.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. धुरा सामाईक, म्हणून बाभूळही सामाईक. लाकूड अर्धंअर्धं वाटून घ्यायचं ठरवून बाबा आणि धुऱ्यापलीकडचा शेजारी दोघं मिळून ती तोडत होते. मुळं कुऱ्हाडीनं छाटून दगड मोकळा केला तो दोघांनी. बैलगाडीत चढवला तोही दोघांनी. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण पुढे हीच गोष्ट कोणी सांगितली नाही.

मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवत होते आणि बडनेऱ्याला एक खोली घेऊन राहत होते. बाबांचा फोन आला.

“बाई, बाभळीखाली एक गोटा निघाला. वरते चंद्र-सूर्य हायेत अन् खाली सहा ओळी लिवल्या हायेत. अक्षरं आपलेच वाटते, पन लागत नाही.”

बाबा सातवी शिकलेले, पण अक्षरावर त्यांचा जीव. तरुणपणी एका उन्हाळ्यात गावाबाहेर पाथरवटांचं बिऱ्हाड उतरलं होतं, त्यांच्याजवळ बसून बसून ते टाकी चालवायला शिकले. गावातले गुळगुळीत झालेले पाटे ते टाकी मारून पुन्हा खरखरीत करून द्यायचे, फक्त चहावर. मारुतीच्या पायऱ्यांवर वर्गणीदारांची नावं कोरलेली आहेत, तीही त्यांच्याच हातची. गोल, टपोरी, ओळीत बसलेली अक्षरं. लहानपणी मी त्यांच्यावरून बोट फिरवत बाराखडी शिकले.

बाबांनी गावातल्या मास्तरांकडून दगडाचा फोटो काढवून पाठवला. त्यात अक्षरं मातीनं बुजलेली, ओळी तेवढ्या दिसत होत्या. तो मी आमच्या सरांना दाखवला. सर म्हणजे आमच्या कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक. विदर्भातल्या जुन्या लेखांवर त्यांनी आयुष्य काढलं होतं, आणि संस्थेत त्यांच्या शब्दाला वजन होतं. माझी तासिका कायम व्हायची तर ती त्यांच्याच शिफारशीनं होणार, हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी माझा फोन हातात घेतला तो बराच वेळ दिला नाही. बोटांनी फोटो मोठा करून करून पाहत राहिले.

“रविवारी येतो,” ते म्हणाले. “तोवर दगडाला कोणी हात लावू नका. साध्या पाण्यानं धुवायचा, बस.”

शनिवारी दुपारी मी घरी पोचले तेव्हा घरात कोणी नव्हतं. मेथीच्या जुड्या घेऊन माय आणि बाबा अंजनगावच्या बाजाराला गेले होते. दगड अंगणात पोत्यावर टेकवून ठेवला होता. गुडघ्याच्या वर येईल एवढा, खालून तुटलेला. वर चंद्र आणि सूर्य स्पष्ट दिसत होते, अक्षरं मात्र चिकट मातीनं भरली होती.

मला तो सरांच्या आधी वाचायचा होता. याला दुसरं कारण नाही. फोटो नीट यावा म्हणून, सरांचा वेळ वाचावा म्हणून, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ सांगितलं. पण उद्या सर आले की मी फक्त शेतकऱ्याची पोरगी आणि चहा देणारी ठरणार होते. त्याआधी एक दुपार तो दगड माझा होता.

आधी पाणी, मग फवारणी पंपाचा गंज काढायचा तारेचा ब्रश. वरच्या दोन ओळी मी चांगल्या घासल्या. मातीबरोबर दगडावरचा मळकट थरही निघत गेला आणि अक्षरं पांढुरकी दिसू लागली. दुसऱ्या ओळीत एक ‘द’ होता आणि पुढे ‘व’. ‘द’च्या आधी एक उभी रेघ होती, ती मला ओरखडा वाटली. मला वाटलं, हा ‘देव’ असणार, मात्रा मातीत बुजली असेल. बाबांची टाकी आणि लहान हातोडी कोनाड्यात होती. मी टाकीचं टोक ‘द’च्या डोक्यावर ठेवून दोन-तीन हलके ठोके दिले. एक कपची उडाली आणि तिथं तिरपी रेघ दिसली. ती आधीपासून होती की माझ्या टाकीनं उठली, हे मी त्या क्षणी स्वतःला विचारलं नाही. मला ‘देव’ वाचता आला, एवढंच कळलं. टाकी पुसून कोनाड्यात ठेवली.

बाबा बाजारातून आले. दगड पाहून म्हणाले, “चांगला उजागर केला व. आता दिसते.”

दुसऱ्या दिवशी सर आले. गाडीतून उतरल्यावर पाणीसुद्धा न घेता दगडापुढे मातीत गुडघे टेकून बसले. मी त्यांना कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं मान वर करून मला विचारलं, “हात नाही ना लावला कोणी?”

“फक्त पाण्यानं धुतला, सर,” मी म्हणाले.

बाबा तेव्हा आत पपई कापत होते.

सरांनी लेख वाचला. अमक्या गावची भूमी देवास दिली, जो ती हिरावील त्याचं वाईट होईल, असा मजकूर. सात-आठशे वर्षांपूर्वीचा, या भागातला इतका जुना मराठी लेख दुसरा नाही, असं ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. बाबांचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातात घेतले. “तुमच्या जमिनीनं फार मोठी गोष्ट दिली,” ते म्हणाले. बाबा नुसते हसत उभे होते. त्या दिवशी ते जेवायला बसले तेव्हा मायला म्हणाले, “सात-आटशे सालापासून कोनी तरी लिवून ठेवलं अन् ते आपल्या हाती लागलं.” मी त्यांना एवढं आनंदात त्यानंतर पाहिलेलं नाही.

पेपरात बातमी आली. फोटोत सर दगडावर हात ठेवून उभे. बाबांचा फक्त कोपर आला होता. तेही कात्रण बाबांनी शर्टाच्या खिशात घालून घालून फाडलं.

गावात पहिली चुळबूळ सुरू झाली ती शेजाऱ्याच्या घरून. तो एका सकाळी दारात आला आणि बसला नाही.

“देवाले जमीन देल्ली म्हंते त्या गोट्यावर. कोनती जमीन?”

“आता काय माईत बावा,” बाबा म्हणाले. “ते राजे गेले, ते देव गेले.”

“तुले हासू येते. उद्या सरकारनं म्हटलं का हे जमीन देवस्थानाची हाये, मंग? माया सातबाऱ्यावर काही चढलं तं?”

“असं कुठी होते काय?”

“होते. सबन होते. तुया गोट्यापायी आमचे वावरं जातीन.”

बाबांनी त्याला पुष्कळ समजावलं. तो ऐकून घेऊन गेला. पण त्या दिवसानंतर धुऱ्यावर दोघांची भेट झाली की तो दुसरीकडे पाहू लागला.

दोन-तीन महिन्यांनी अकोल्याहून निघणाऱ्या एका त्रैमासिकात लेख छापून आला. लिहिणारे अकोल्याचे एक ज्येष्ठ अभ्यासक होते. लिपीतले जाणकार म्हणून त्यांचं नाव होतं. त्यांचं आणि आमच्या सरांचं जुनं वाकडं होतं. कधीकाळी एका ताम्रपटाच्या वाचनावरून सरांनी भर सभेत त्यांची टिंगल केली होती, असं कॉलेजात सगळे सांगत. त्यांनी लिहिलं होतं की हा लेख बनावट आहे. पहिल्या दोन ओळींतली अक्षरं ताजी दिसतात, खालच्या ओळींचा रंग वेगळा आहे. दगड सापडताना घरच्या माणसाशिवाय कोणी साक्षीदार नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, मात्रा. जुन्या लेखांत ‘दे’ लिहायचा तर मात्रा डोक्यावर देत नसत, अक्षराच्या आधी उभी रेघ काढत. या लेखात इतर सगळीकडे तशीच रेघ आहे, पण एका ठिकाणी रेघही आहे आणि डोक्यावर मात्राही आहे. ‘बनावट लेख कोरणाऱ्याचा हात इथे सवयीने घसरला,’ असं त्यांनी लिहिलं होतं.

मी तो लेख कॉलेजच्या वाचनालयात उभ्यानं वाचला. जी रेघ मला ओरखडा वाटली होती तीच मात्रा होती. मी त्यावर दुसरी चढवली होती.  मासिक जागेवर ठेवून मी तासाला गेले आणि त्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

सरांनी मला बोलावून घेतलं. ते चिडले होते, पण डगमगले नव्हते. “साक्षीदार आहे ना? आणि ते मूळ? दगड मुळांत अडकला होता म्हणता, तर त्या मुळावर त्याचा साचा उठला असेल. ते मूळ सांभाळून ठेवलंय ना?”

मूळ मायनं चुलीत घातलं होतं. साक्षीदाराकडे मी स्वतः गेले. शेजारी गोठ्यात धार काढत होता. मी म्हटलं, “काका, फक्त एवढं लिहून द्या की तुम्ही दगड निघताना पाहिला.”

“मी नव्हतो तठी,” तो म्हणाला. हात थांबला नाही, दुधाची धार तशीच भांड्यात पडत राहिली.

“काका, तुम्ही दोघांनी मिळून गाडीत चढवला.”

“तुया बापानं चढवला असन. मले लाकडं पाह्यजे होते, मी लाकडं घेऊन आलो.”

मला त्याचा राग आला. आजही येतो. पण त्याचं सातबाऱ्याचं भय तरी मला खरं वाटत होतं. माझं भय काय होतं? तासिकेचं. सरांसमोर उभी असताना दोनदा शब्द ओठापर्यंत आला आणि दोनदा मी तो गिळला. सांगितलं असतं तर सरांची फजिती झाली असती, की मुलीनं दगड खराब केला आणि यांना कळलंसुद्धा नाही. आणि माझं तर सगळंच संपलं असतं. मी ठरवलं की आधी पूर्णवेळ नेमणुकीची मुलाखत होऊ द्यावी. मग सांगू.

मग अकोल्याला त्या दगडावर चर्चा ठेवली गेली. एका सभागृहात दोन्ही बाजू मांडायच्या आणि शेतकऱ्यालाही बोलवायचं असं ठरलं. बाबांना तो मान वाटला. त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून आणवला. सकाळच्या एसटीनं आम्ही दर्यापूरवरून अकोल्याला गेलो. वाटेत ते मला विचारत होते, “मले बोलाव लागन काय व? का बोलू?” मी म्हटलं, “जे झालं ते सांगा.” हे मी त्यांना सांगितलं. मी.

सभागृहात पन्नास-साठ माणसं होती. पडद्यावर दगडाचा फोटो मोठा करून लावला होता. सर बोलले, अकोल्याचे अभ्यासक बोलले. अभ्यासक सडपातळ, मऊ आवाजाचे, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी बाबांना पुढे बोलावलं. बसायला खुर्ची दिली, पण बाबा उभेच राहिले.

“तुमचं शिक्षण किती झालंय?”

“सातवी, जी.”

“असं ऐकलं की तुम्हाला दगडावर अक्षरं कोरता येतात. खरं का?”

बाबांचा चेहरा उजळला. एवढ्या शिकलेल्या माणसानं त्यांच्या हुन्नराची चौकशी केली होती.

“येते ना जी. आमच्या मारुतीच्या पायऱ्यावरचे नावं म्याच कोरले. चांगले येते मले.”

सभागृहात थोडं हसू पसरलं. बाबाही हसले.

“मग एक ‘दे’ लिहून दाखवता?” त्यांनी फळ्याकडे हात केला. “टाकीनं कोरता तसाच.”

बाबांनी खडू घेतला. फळ्यावर आधी आडवी रेघ मारली, मग सावकाश, टपोरा ‘द’ काढला आणि त्याच्या डोक्यावर एक तिरपी, रुबाबदार मात्रा दिली. मागे सरकून आपलं अक्षर पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं.

 अभ्यासकांनी फक्त काठीनं पडद्यावरची मात्रा दाखवली आणि मग फळ्यावरची. दोन्ही तिरप्या. दोन्ही एकाच बाजूला झुकलेल्या. आश्चर्य काहीच नव्हतं, मी अक्षर त्यांच्याच पायऱ्यांवरून शिकले होते.

लोक कुजबुजायला लागले. बाबांना वाटलं आपण परीक्षेत पास झालो. खडूचे हात पँटला पुसत ते हसतच उभे होते. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठायला काहीच लागत नाही, खुर्चीच्या दांड्याला हात टेकवायचा आणि उठायचं. मी उठले नाही.

उठले ते सर.  “मी एका शेतकऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला,” ते म्हणाले. “यापुढे मी अधिक सावध राहीन.” एवढं बोलून त्यांनी फाईल मिटली. ज्याचे हात हातात घेऊन ते रडले होते, त्याच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

परतीच्या एसटीत बाबांनी दर्यापूर जाईपर्यंत वाट पाहिली. मग विचारलं, “शेवटी काय म्हनत होते थे?”

मी त्यांना सांगितलं. दगड खोटा ठरवला, आणि तो तुम्ही कोरला असं त्यांना वाटतं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. तेव्हा मी जे केलं ते सगळ्यांत वाईट. टाकीचे ठोके माझ्या हातात अजून होते, आणि मी त्यांना विचारलं, “बाबा, तुम्ही कधी गमतीनं काही कोरलं तर नव्हतं ना? तरुणपणी, विसरून गेला असाल?”

ते माझ्याकडे वळले. “तुले बी तसंच वाटते काय?”

 कंडक्टर तिकिटं तपासत आला, मी पर्स उघडून तिकिटं शोधत राहिले.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. बाबांना लोक ‘शिलालेख’ म्हणू लागले. पानठेल्यावर ते दिसले की कोणीतरी म्हणायचं, “या राजे, आमच्या बी वावरात एखादा गाडून द्या.” ज्यांचे पाटे त्यांनी फुकट टाकी मारून दिले होते, त्याच घरांतली माणसं हे बोलायची. पुढच्या वेळी गावात आलेल्या भंगारवाल्याला बाबांनी टाकी, हातोडी, छिन्नी सगळं देऊन टाकलं. मायनं मला फोनवर सांगितलं. म्हणाली, “वजनात टाकले. मी नाई म्हटलं, आयकलं नाई.” कोणाच्या तरी तक्रारीवरून तहसीलमधून माणसं येऊन पंचनामा करून दगड ट्रॅक्टरनं घेऊन गेली, त्या दिवशी बाबा वावरातून घरी आलेच नाहीत.

माझी मुलाखत झाली. सर समितीत होते. दगडाचा विषय कोणी काढला नाही. बाहेर आल्यावर सर हळूच म्हणाले, “त्या प्रकरणात तुमचा काही दोष नव्हता, हे मी त्यांना सांगून ठेवलं होतं.” मी त्यांचे आभार मानले. नेमणुकीचं पत्र घेऊन गावी गेले तेव्हा बाबांनी गावात पेढे वाटले. ज्यांनी नाव ठेवलं त्यांच्याही दारात गेले.

त्यानंतर सांगायचं राहतच गेलं. आधी कायम होऊ दे, मग लग्न होऊ दे, मग सर निवृत्त होऊ देत. माणसाला वाट पाहायला कारणं पुरतात. सर निवृत्त झाले, त्यांच्या लेखांचा संग्रह निघाला, त्यात आमच्या दगडाचा शब्दही नव्हता.

मागच्याच्या मागच्या वर्षी मी एकदाची अकोल्याला गेले, त्या अभ्यासकांच्या घरी. ते आता ऐंशीच्या पुढे गेलेले. डोळ्यांना फार कमी दिसतं. मी सगळं सांगितलं. ब्रश, टाकी, मात्रा. ते शांतपणे ऐकत होते.

“तरीच,” ते म्हणाले. “खालच्या चार ओळींत मला काही खोट दिसली नव्हती.”

“मग तुम्ही लेख बनावट का ठरवलात? दगड प्रत्यक्ष पाहिलात तेव्हा...”

“दगड मी पाहिलाच नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “फोटोवरूनच लिहिलं. तुमच्या सरांनी मला पाहायला बोलावलं नाही, आणि न बोलावता मी जाणार नव्हतो.”

 मी विचारलं, “आता दुरुस्ती छापाल?”

“ते त्रैमासिक बंद पडून वर्षं झाली. तुम्ही लेखी दिलंत तर दुसरीकडे पाठवतो. पण तुम्ही नोकरीत आहात. विचार करा.” आणि मग अगदी मायेनं म्हणाले, “एवढं मनाला लावून घेऊ नका. शास्त्रात अशा चुका होतात.” त्यांच्या सूनबाईंनी पोहे आणले. मी ते खाल्लेसुद्धा.

तिथून मी थेट गावी गेले. माय स्वयंपाकघरात होती, बाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसून सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की त्यांना हलकं वाटेल. इतक्या वर्षांनी कळलं, की खोट त्यांच्याकडे नव्हती. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे बाई.

ते शेंगा सोलायचे थांबले.

“तो अकोल्याचा मानूस चुकला असन, असं वाटे मले,” ते म्हणाले. “मोठा मानूस हाये, पन मानूस चुकते. तुया सराले बी म्या दोस नाही देल्ला. त्याले काय माईत.” हातातली शेंग त्यांनी सुपात टाकली. “पन तुले तं माईत होतं.”

“हो.”

“मी तठी फळ्यापाशी उभा होतो.”

“हो, बाबा.”

“तू बसूनच राह्यली.”

माय दारात येऊन उभी राहिली होती.  बाबांनी शेंगांचं सूप उचललं आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. त्यानंतर चार महिने ते माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. माय फोन घ्यायची, मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा.

मी तहसीलला अर्ज केला. दगडाची तज्ज्ञांकडून तपासणी करावी, असा. पहिल्या अर्जाला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की अर्ज संबंधित कार्यालयाकडे वर्ग केला आहे. तिसऱ्या वेळी मी स्वतः गेले. आवारात जप्त केलेल्या रेतीच्या ट्रॅक्टरांची रांग होती. त्यांतल्या एका ट्रॉलीखाली टेकू म्हणून आमचा दगड लावलेला होता. ट्रॉलीच्या लोखंडाखाली वरचा थर पार उडालेला. चंद्र गेला, सूर्य गेला, पहिल्या तीन ओळी गेल्या, ‘दे’ही गेला. खालच्या ओळींतली थोडी अक्षरं तेवढी शिल्लक होती. बाबूनं रजिस्टर काढून दाखवलं. त्यात ‘दगड, एक नग’ असं लिहिलं होतं. मी म्हटलं, याच्यावर जुना लेख आहे. तो म्हणाला, “मॅडम, तो तं खोटा निघाला म्हंते ना.”

आता तो खरा होता की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. मला वाटतं खरा होता. पण माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे, मी काय काय करू शकते ते मला ठाऊक आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी असताना एक मुलगी आली. संशोधन करत होती, पाठीला बॅग, हातात कॅमेरा. कुठल्या तरी जुन्या बातमीवरून शोधत शोधत आली होती. बाबांनी तिला पाणी दिलं, चहा करायला सांगितला. तिनं विचारलं, “आजोबा, तुमच्या शेतात शिलालेख सापडला होता ना?”

“नाही व माय,” बाबा म्हणाले. “आमच्या वावरात असं काही निघालं नाही. आमच्या वावरात गोटेच नाही निघत. लोकं काई बी सांगते.”

ते इतकं सहज बोलले की तिनं वही मिटली. मी तिला स्टँडपर्यंत सोडायला निघाले. वाटेत मारुतीच्या पारावर बसवून तिला सगळं सांगितलं. माझ्या हातानं काय केलं ते कागदावर लिहून, सही करून दिलं. तिनं विचारलं, “हे मी तुमच्या पदासकट छापू?” मी हो म्हणाले.

घरी आले तेव्हा बाबा अंगणातच उभे होते.

“सांगतलं काय तिले?”

“सांगितलं.”

“सबन?”

“सगळं. लिहूनही दिलं.”

त्यांनी बादली उचलली. मग विचारलं, “तुया नोकरीले काही होईन काय याच्यानं?”

“काही नाही होणार, बाबा. एवढ्या वर्षांनी कोण काय करतं.”

“हो,” ते म्हणाले. “तुमाले काही नाही होत.”

आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.